गाऱ्हाण्यातला अर्धा र

दुकानात कोणी कॉम्प्युटर घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, नवी सिस्टिम टाकू, की आहे तीच बरी?" रत्नागिरीत मारुती मंदिरच्या बाजूला माझा दुरुस्तीचा गाळा आहे आणि पंचवीसेक वर्षं मी ह्या प्रश्नाचं उत्तर देतोय. त्यातली बरीच वर्षं उत्तर तोंडात तयार असायचं. नवीच टाका. जुनी सुरू होईपर्यंत तुमचा चहा पिऊन होतो. जुनीत पेनड्राइव्ह घातला की व्हायरस घरजावयासारखा येऊन बसतो. जुनी मधेच निळी पडते आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटून मान टाकते. नवी कशी देखणी, चपळ, सुरक्षित! एवढं बोलून होईपर्यंत मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला असायचा.

हल्ली मी आधी विचारतो. आत काय आहे? कोणाचं आहे? कोण वापरतं? गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस नसत्या चौकशा करतो. वाटू दे. एकदा ह्या चौकशा न करता मी एक मशीन फॉरमॅट केलं होतं. ते गिऱ्हाइकाचं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं.

बाबा कचेरीत टायपिस्ट होते. उभी नोकरी त्यांनी मराठी टाइपरायटरवर काढली. गाव आमचं देवरूखच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, सात वाड्यांचं. बाबा नोकरीसाठी रत्नागिरीत आले आणि इथलेच झाले, पण शिमग्याला कधी चुकले नाहीत. चुकून चालणारच नव्हतं. देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठी बांधलेल्या गावच्या चौथऱ्यावर, बसली की साऱ्या गावातर्फे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने बोलायची गोष्ट. सातही वाड्यांची नावं घ्यायची, गावात असलेल्यांची, मुंबईला गेलेल्यांची, गुराढोरांची, शेतीभातीची राखण मागायची, आणि प्रत्येक मागण्यानंतर अख्ख्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एखादी वाडी राहिली तर त्या वाडीवर वर्षभरात जे काही वाईट होईल ते गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या नावावर जमा. ह्याला कोणी लेखी नियम म्हणत नाही, पण गावात तो सगळ्यांना पाठ असतो.

घरात बाबा हळू बोलायचे. शेजाऱ्याकडे साधी शिडी मागायची तरी आम्हाला पाठवायचे. हाच माणूस सहाणेवर उभा राहिला की त्याचा आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत यायचा. लहानपणी मला तो माणूस दुसराच कोणीतरी वाटायचा आणि वर्षातून एकदा असा बाप मिळतो ह्याचा मला फार अभिमान होता.

साठी उलटल्यावर त्यांना नावं आठवेनाशी झाली. फार नाही, इकडचं एखादं, तिकडचं एखादं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण शिमगा जवळ आला की त्यांचं हसू थांबायचं. एका वर्षी त्यांनी मला विचारलं, "तुज्या त्या डब्यावर मराठी टायपिंग व्हतं काय रे?" होतं. तेव्हा मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर सीडीवर मिळायचं आणि त्याचा कीबोर्ड थेट टाइपरायटरसारखा असायचा. मी दुकानातला एक जुना कॉम्प्युटर घरी आणून त्यांच्या खोलीत मांडला. पहिल्याच दिवशी त्यांची बोटं अशी चालली की मी बघत राहिलो. रिटायर झाल्यापासून त्या बोटांना काम नव्हतं.

त्या मशीनवर त्यांनी गाऱ्हाणं उतरवलं. जसं तोंडात होतं तसंच, गावच्या बोलीत, पण शिस्त सगळी कचेरीची. वाडीवार परिच्छेद, समासात क्रमांक. दर वर्षी त्यात थोडा बदल व्हायचा. कोणाचं नवं घर झालं, कोणाचं बंद पडलं, ते सगळं बघून ते सुधारित प्रत काढायचे, मोठ्या अक्षरात छापायचे आणि शिमग्याआधी पंधरा दिवस शाळेतल्या मुलासारखे पाठ करायचे. सहाणेवर कागद हातात धरायचा नाही, हा त्यांचा हट्ट. सुधारित प्रत निघाली की आधीची प्रत रद्द, म्हणून ती फाडून टाकायचे. कचेरीत तसंच करायचे. दोन प्रती राहिल्या की घोटाळे होतात, असं ते सांगत, आणि एकदा टाइप झालेलं ते खरं, असंही सांगत.

एक अक्षर मात्र त्यांना सतावायचं. दऱ्या, वाऱ्या, पऱ्या ह्या शब्दांत जो अर्धा र येतो ना, पुढच्या अक्षराला लटकलेला, तो. बाबा त्याला विळा म्हणायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये हा विळा कुठेतरी कोपऱ्यात दडवलेला होता, दोन-तीन कळा एकदम दाबाव्या लागायच्या. त्यांची करंगळी दुखायची. मग मी त्यांच्यासाठी तो एका सुट्या कळीवर आणून दिला आणि कळीवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. बाबा इतके खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. "माज्या पोरानं मला विळा करून दिलान." मला तेव्हा वाटलं, काय ही कौतुकाची गोष्ट! आज वाटतं, आयुष्यात मी त्यांच्यासाठी नीट विचार करून केलेली तीच एक गोष्ट.

पुढे काही वर्षांनी नवी सिस्टिम आली. बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की जुनीला आता कोणी वाली नाही, जे वापरतील ते आपल्या जबाबदारीवर. दुकानात रांग लागली. मी दिवसाला पाच-पाच मशीनं पालटत होतो आणि नव्याचे गोडवे गात होतो. अशात एक गिऱ्हाईक घरी आलं. बाबांच्या खोलीतलं जुनं मशीन बघून म्हणालं, "काय हो, लोकांना नवं नि घरात हे?" बोलणं थट्टेचं होतं, पण मला झोंबलं. मी बाबांना म्हटलं, तुमच्या मशीनला नवी सिस्टिम टाकू. ते म्हणाले, "चालताय तो चालू दे. माजा काय आडलाय?"

माणसाने ऐकावं की नाही? पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बाबा एका लग्नासाठी दोन दिवस देवरूखला गेले तेवढ्यात मी त्यांचं मशीन दुकानात नेलं, त्यांच्या फायली पेनड्राइव्हवर काढल्या आणि फॉरमॅट मारला. परत आल्यावर त्यांना चकित करायचं होतं मला. ते चकित झाले. डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण गेलं होतं. त्याऐवजी पडद्यावर रंगीत चौकोन नाचत होते. बाबा खुर्चीत बसले, माऊस थोडा इकडेतिकडे फिरवला आणि विचारलं, "ह्यात शिरायचं कुठनं?" मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. मी परत दाखवलं, जरा मोठ्या आवाजात. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही आणि मला वाटलं, शिकले.

खरी गोची पुढेच होती. ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालेना. आणि त्याची सीडी काढून बघतो तर तिच्यावर बुरशी. आपल्याकडच्या हवेत पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला येते तशी हिरवट बुरशी सीडीलाही येते, हे मी दुकानात शंभर जणांना सांगितलं होतं. दिव्याखाली अंधार तो असा. त्या सॉफ्टवेअरशिवाय बाबांची फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं नि खुणा दिसायच्या, कारण जुन्या काळात मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराला चढवलेलं सोंग असायचं. सोंग उतरलं की आतलं उघडं पडायचं.

शिमगा तीन आठवड्यांवर आला होता. बाबा दिवसातून दोनदा विचारत, "माजी प्रत?" मी इंटरनेटवरून जुन्या अक्षरांचं नव्या अक्षरांत रूपांतर करणारा एक प्रोग्राम उतरवला. दुकानात गर्दी असताना, एका गिऱ्हाइकाचं मशीन सुरू होईपर्यंतच्या वेळात, मी बाबांचं गाऱ्हाणं त्यातून काढलं. आलं की! झकास मराठीत आलं. फक्त मधे मधे रिकामे चौकोन पडले होते, बारीक बारीक, जागोजाग. प्रोग्रामला एखादं अक्षर ओळखता आलं नाही की तो असा चौकोन टाकतो. कुठलं अक्षर ते बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. जुन्या सिस्टिमचा कचरा म्हणून सगळे चौकोन एका फटक्यात शोधले आणि पुसले. फाईल स्वच्छ दिसायला लागली. छापली आणि संध्याकाळी बाबांच्या हातात दिली.

ते चौकोन म्हणजे विळे होते. मी त्यांच्यासाठी वेगळ्या कळीवर आणून ठेवलेलं अक्षर त्या प्रोग्रामला कुठून ठाऊक असणार? गाऱ्हाण्यातली एक ओळ अशी होती: "दऱ्याखोऱ्यात, वाऱ्यापावसात, पऱ्यापलीकडच्या वाडीत जी काय तुजी लेकरा हायत, तेंच्या पाठीशी उबा ऱ्हा म्हाराजा." पऱ्या म्हणजे आमच्याकडे ओहोळ, आणि त्याच्या पलीकडे आमची सातवी वाडी. माझ्या स्वच्छ प्रतीत ती ओळ झाली होती, "दयाखोयात, वायापावसात, पयापलीकडच्या वाडीत जी काय तुजी लेकरा हायत, तेंच्या पाठीशी उबा हा म्हाराजा."

बाबांनी विचारलं नाही असं नाही. दोन दिवसांनी ते दुकानात आले, हातात कागद, बोट एका शब्दावर ठेवलेलं. मी कोणाशी तरी फोनवर बोलत होतो. ते थांबले. मग म्हणाले, "अरे, ह्यो 'पया' मंजे काय?" मी फोनवर हात ठेवला आणि कागदाकडे न बघता म्हणालो, "बाबा, तुमचंच लिहिलेलं आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही. मशीन बसल्या बसल्या अक्षरं खात नाही." ते म्हणाले, "बरा." कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि उन्हातून चालत घरी गेले.

ह्या "बरा"वर मी पुढे खूप विचार केला. ज्या माणसाला रोज काही ना काही आठवत नाही, त्याला त्याच्या स्वतःच्याच कागदावर एक अनोळखी शब्द दिसतो. मुलगा सांगतो, तुमचाच आहे. मग तो काय समजेल? हेही मी विसरलो, एवढंच समजेल. टाइप झालेलं ते खरं. बाबांनी तो शब्द मुकाट्याने पाठ केला. खोलीच्या दारातून मला त्यांची पुटपुट ऐकू यायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

शिमग्याला आम्ही गावी गेलो. सहाणेवर पालखी बसली, गुरवाने नारळ मांडला, सात वाड्यांची माणसं गोळा झाली. मुंबईकरही आले होते, त्यांची पोरं मोबाइल उंच धरून उभी. बाबांनी चष्मा आणि घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "धर." टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तोच आवाज. डोंगरावर आपटून परत आला. पहिल्या वाडीपासून सहाव्या वाडीपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत. मग ती ओळ आली. "दयाखोयात," बाबा म्हणाले आणि थांबले. मागून एक पोरगं फिसकन हसलं. बाबांनी पुन्हा सुरुवात केली. "दया..." त्यांचे ओठ दुसरंच काहीतरी म्हणायला बघत होते, चाळीस वर्षांची सवय होती त्या ओठांना. पण डोक्यात कागद होता. "वायापावसात," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ऐकू आलं की हे काही बरोबर नाही.

मला वाटलं, मागून सांगावं. म्हणून मी कागद उघडला. तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला.

ती ओळ मला लहानपणापासून पाठ होती. कागदाची गरजच नव्हती. "दऱ्याखोऱ्यात, बाबा," एवढं मी मोठ्याने म्हटलं असतं तर ते पुढे सुटले असते. एक शब्द. पण माझ्या हातात तो कागद होता आणि आपण काय केलंय ते मला कळलं होतं, आणि मला पहिली भीती वाटली ती ही की आता सगळ्यांना कळेल. गावात मी कॉम्प्युटरवाला म्हणून ओळखला जातो. मी कागदाची घडी घातली आणि तो खिशात टाकला.

बाबांनी ती ओळ सोडली. घाईघाईने गुराढोरांवर आले, शेतीभातीवर आले, शेवटही केला. "व्हय म्हाराजा" म्हणणारे आवाज अर्धेच होते. मग पलीकडच्या वाडीतला एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, "आनी आमची वाडी?" ओरडला नाही, नुसतं विचारलं. गुरवाने दुसरा नारळ मांडला. आमच्या चुलत घरातल्या भावाने उभं राहून सातव्या वाडीचं गाऱ्हाणं घातलं, साधंच, चार वाक्यांत. बाबा बाजूला हात जोडूनच उभे होते. त्या गाऱ्हाण्याला त्यांनीही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने रत्नागिरीला परत निघालो. देवरूख मागे पडलं. मग बाबांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कागदावर काय व्हता रे?"

मी म्हणालो, "बरोबर होतं, बाबा."

"दऱ्याच व्हता?"

"दऱ्याच होतं."

त्यांनी मान हलवली. "मंजे माजाच डोका," ते म्हणाले. कागद माझ्या खिशात होता. रत्नागिरीत पोहोचल्यावर मी तो बारीक तुकडे करून फेकून दिला. वर मी हेही स्वतःला समजावलं की त्यांना खरं सांगून काय उपयोग, झालं ते झालं, उगाच मुलाचा राग करतील. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला हे दुसऱ्याशी बोलताना होतं असं मला वाटायचं. स्वतःशी बोलतानाही होतं.

त्यांनी राग केला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी स्वतःला रद्द केलं. गावाला निरोप धाडला, आता मला जमत नाही, मान चुलत घराकडे द्या. मग एकेक करत बाकीचंही सोडलं. बाजारात एकटं जाणं सोडलं, रस्ता विसरलो तर? शेजारच्या मुलांना मराठी शिकवायचे ते सोडलं, चुकीचं शिकवलं तर? कॉम्प्युटरला हात लावला नाही. कोणी काही विचारलं की माझ्याकडे बोट करायचे, "त्येला इचारा." त्या दिवसापर्यंत ते विसराळू होते. त्या दिवसानंतर ते म्हातारे झाले. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. होतही असेल. पण सगळं वयाने झालं नाही, हे घरात मला एकट्याला ठाऊक होतं.

दुकानात मी तेव्हाही नव्याचेच गोडवे गात होतो. मधल्या काळात त्या नव्या सिस्टिमवर आणखी एक नवी आली, मग तिच्यावर आणखी एक, डाव्या कोपऱ्यातलं बटणसुद्धा परत आलं. लोक मला विचारतात, जुनी चांगली होती ना हो? मी प्रामाणिकपणे सांगतो, नव्हती. हळू होती, पोकळ होती, तिच्यात मराठी नुसतं सोंग होतं. आज नव्या सिस्टिमवर कुठल्याही मोबाइलमध्ये दऱ्या नीट उमटतात, विळ्यासकट. नवी वाईट नव्हती. तिच्यावरच्या त्या प्रोग्रामने चौकोन टाकून, इथे मला काहीतरी कळलेलं नाही, असं त्याच्या परीने सांगितलं होतं. जुनं-नवं हा वाद मी स्वतःच्या सोयीसाठी पुष्कळ वर्षं घातला. चूक दोन मिनिटांची होती आणि ती दोन मिनिटं माझी होती.

शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा." तरी त्यात आणखी काही महिने गेले.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या वर्षी एका दुपारी ते पडवीत बसले होते, मी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. चौकोन, विळे, दुकानातला फोन, गाडीतलं खोटं. मी खाली बघून बोलत होतो. बोलून झाल्यावर वर बघितलं तर त्यांचा चेहरा उजळला होता. "मंजे मी नाय चुकलो?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तुम्ही कागदाप्रमाणे बरोबर बोललात. कागद मी चुकवला."

त्यांनी माझा हात धरला आणि हसले, कितीतरी वर्षांनी असे हसले. मला शिवी द्या, असं मी मनातून म्हणत होतो. ते म्हणाले, "गावाला फोन लाव. सांग सगळ्यांना." घड्याळात तीन वाजले होते. दुकान उघडायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "उद्या सकाळी लावू, बाबा, निवांत." सकाळी मी फोन घेऊन त्यांच्याजवळ गेलो. ते म्हणाले, "कोनाला? कशापायी?"

रात्रीत सगळं पुसलं गेलं होतं. मी परत सांगितलं, परत चेहरा उजळला, संध्याकाळपर्यंत परत पुसला. मग मी एकट्यानेच गावाला फोन केला. चुलत भाऊ म्हणाला, "जाऊ दे रे आता, किती वर्सां झाली." त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं.

बाबांना आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, नातवंडांची नावं आठवत नाहीत. पण सहाणेवरचा तो दिवस पक्का राहिला आहे. घरात कोणी पाहुणा आला की चहा व्हायच्या आत ते सांगायला लागतात, "माज्या तोंडनं येकदा देवाचा गाराना चुकला. पलीकडची वाडी ऱ्हायली." पाहुणा अवघडतो. मी दर वेळी पुढे होऊन सांगतो की बाबा चुकले नाहीत, मी चुकलो, कागद मीच चुकीचा छापला होता. सगळं सांगतो, आता काही लपवत नाही.

बाबा नीट ऐकून घेतात. मग माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि पाहुण्याला म्हणतात, "पोर गुनाचा हाय माजा. बापाची चूक आपल्या अंगावर घेतो."